घळीत उतरण्याआधी परतीचा चढ मोजा : गोडचिनमलकीची एक दिवसाची पायपीट

वाळवंट म्हटलं की वारकऱ्याच्या डोळ्यापुढं चंद्रभागेचा काठ येतो आणि सहलीवाल्याच्या डोळ्यापुढं जैसलमेरचे उंट. आमच्या बेळगाव जिल्ह्यात या दोन्हींच्या मधलं एक वाळवंट आहे. गोकाकच्या बाजूला मार्कंडेय आणि घटप्रभा या नद्यांनी तांबूस वालुकाश्म कापून घळी केल्यात. वर उघडा माळ, बाजूला उभे कडे, तळाला कातळ आणि वाळूचे पट्टे. पावसाळा सरून थंडी पडली की इथं चालण्यासारखं दुसरं सुख नाही. मार्चपासून मात्र हीच जागा तवा होते.

आम्ही बेळगावकर पावसावर आणि चिखलावर वाढलेली माणसं. आमचे ट्रेक म्हणजे राजहंसगड, महिपालगड, कलानिधीगड, पारगड. जळवा, धुकं, निसरड्या पायऱ्या यांची सवय असते. बेळगावहून पूर्वेला चाळीस-पन्नास किलोमीटर गेलं की पाऊस बेळगावच्या निम्म्याहून कमी होतो, आणि आपली निम्मी शिकवण तिथं चालत नाही. सगळ्यात मोठा फरक हा, की गडावर आधी चढ असतो आणि मग उतार. दम लागला तर माणूस अर्ध्यातून परततो, पाय आपोआप खाली नेतात. घळीत सगळं उलटं. सकाळी गार वाऱ्यात, ताज्या पायांनी, भरल्या बाटलीनं खाली उतरायचं, आणि ऊन डोक्यावर आल्यावर दमलेल्या पायांनी, रिकाम्या बाटलीनं वर चढायचं. म्हणून या वाटेची सगळी आखणी शेवटच्या चढापासून उलटी करत यावी लागते.

हे मला शहाणपणानं कळलेलं नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मार्च निम्मा सरला होता. आतेभाऊ, त्याचा मित्र आणि मी. प्रत्येकी दोन लिटर पाणी घेतलं होतं, त्यातली एकेक बाटली "परत आल्यावर गार मिळेल" म्हणून गाडीच्या डिकीत ठेवली. खाली गेलो, पाय बुडवले, जेवलो, लवंडलो. सव्वा वाजता चढायला लागलो. वीस मिनिटांत आतेभाऊ विनाकारण माझ्यावर खेकसला, मग गप्प झाला, मग एका दगडावर बसला आणि म्हणाला, "थंडी वाजालीय रे." सव्वा वाजता, मार्चमध्ये, अंगावर शहारे! मेंढरं घेऊन निघालेला एक धनगर वरून बघत होता. नाव-गाव न विचारता त्यानं पहिला प्रश्न केला, "नीर ऐतेनरी?" पाणी आहे का? नव्हतं. त्यानं किटलीतलं ताक दिलं, भावाला दगडाच्या सावलीत ओढलं आणि त्याचा टॉवेल भिजवून मानेवर टाकला. डिकीतली ती गार राहणारी बाटली आम्ही उघडली तेव्हा त्यात चहा टाकता आला असता.

जागा कुठली, कशी

गोडचिनमलकी हे गाव बेळगावहून चाळीसेक किलोमीटरवर आणि गोकाकहून पंधरा किलोमीटरच्या आसपास. गावातून धबधब्याकडं अडीच किलोमीटरची चाल आहे. नदी मार्कंडेय. ही आपली ओळखीचीच नदी: बैलूरजवळ उगम पावते, राकसकोपला अडते, बेळगावच्या नळांना पाणी पाजते, कंग्राळीच्या शिवारातून पुढं जाते. इथं येऊन ती दोन टप्प्यांत उडी मारते. पहिली उडी साधारण 25 मीटरची, मग खडकाळ दरीतून थोडं वाहणं, आणि पुन्हा 18 मीटरची दुसरी. पुढं गोकाकजवळ ती घटप्रभेला मिळते. मधल्या जंगलातून योगीकोळ्ळच्या बाजूनंही धबधब्याकडं येता येतं, पण ती वाट वेडीवाकडी आहे. कोळ्ळ म्हणजे कन्नडात घळ, दरी. नावातच जागेचं वर्णन आलं. पहिल्या खेपेला गावाकडूनच जा, आणि योगीकोळ्ळची वाट धरायची असेल तर माहीतगार माणूस सोबत घ्या.

दगडाबद्दल दोन शब्द, कारण पाय त्याच्यावरच टेकायचे आहेत. बेळगाव शहराच्या आसपास काळा पाषाण आणि जांभा. इकडं येईपर्यंत तो संपतो आणि कलादगी खोऱ्याचे वालुकाश्म नि गारगोटीसारखे टणक थर सुरू होतात. शंभर कोटी वर्षांहून जुनी वाळू दाबून दाबून दगड झालेली आहे. कडेचा एखादा सपाट थर सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, त्यावर बोटभर अंतराच्या लाटा उमटलेल्या दिसतात. ओहोटीनंतर कारवारच्या किनाऱ्यावर दिसतात तशाच. हात फिरवला की कळतं. जुन्या पाण्यानं वाळूवर केलेली नक्षी आज कड्यावर आहे, आणि तोच कडा झिजून खाली पुन्हा वाळू होतोय. घटकाभर थांबण्यासारखी गोष्ट आहे ही. चढताना मात्र थांबू नका, उतरताना बघून घ्या.

कधी जावं

नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. धबधबा भरलेला बघायचा असेल तर जुलै ते सप्टेंबर, पण तेव्हा वरूनच बघायचा, घळीच्या तळात पाय ठेवायचा नाही. दोन्ही एका फेरीत होत नाही. "धबधबाही पाहिजे आणि खालून चालायचंही आहे" म्हणणारे दरवर्षी भेटतात, त्यांना दोन वेळा या म्हणून सांगावं.

एप्रिल-मे तर विसराच. पारा चाळिशी गाठतो, आणि आणखी एक गोष्ट होते जी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. गोकाकचा अक्षांश 16 अंशांच्या थोडा वर. मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. तेव्हा कड्याला सावलीच नसते. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडं कललेला, क्षितिजापासून साधारण 50 अंशांवर असतो. म्हणून घळ जिथं पूर्व-पश्चिम जाते तिथं दक्षिणेकडच्या कड्याच्या पायाशी सावली टिकते. 25 मीटरच्या कड्याची सावली दुपारी वीसेक मीटर पडते. जेवायला, बसायला, कुणाला बरं वाटेना तर झोपवायला जागा शोधताना होकायंत्र बघा आणि दक्षिणेच्या भिंतीला जा. उत्तरेची भिंत दिवसभर तापते आणि संध्याकाळपर्यंत अंगावर ऊब फेकते.

आदल्या दिवशीची कामं

पहिलं काम पाण्याची चौकशी. बाटलीतल्या नव्हे, नदीतल्या. मार्कंडेयवर वरच्या अंगाला शिरूरजवळ धरण आहे. घटप्रभेवर हिडकल आणि त्याखाली धूपदाळचा बंधारा. आपल्या डोक्यावर निळंभोर आकाश असलं तरी वरून पाणी सोडलं की खालचा ओढा तासाभरात बदलतो. त्याशिवाय घाटमाथ्याकडं अवकाळी झोडपून गेला तर त्याचं पाणी इकडं यायला वेळ लागतो, तोवर इथं कुणाला पत्ता नसतो. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये 12 ऑगस्ट 1997 ला 11 पर्यटक असेच दगावले. पाऊस झाला होता दूर वरच्या बाजूला, आणि ते ज्या चिंचोळ्या घळीत उभे होते तिथं पाण्याची भिंत आली. घळ वाळवंटातली असो की आपल्या गोकाकची, हिशोब एकच: तळाला उभ्या माणसाला वरचं काही दिसत नाही.

म्हणून गावात ओळख असेल तर आदल्या दिवशी फोन करा. नसेल तर सकाळी चहाच्या टपरीवर विचारा. कन्नड येत नसेल तर एवढं वाक्य पाठ करा: "ड्यामिंद नीर बिट्टारेनरी?" धरणातून पाणी सोडलंय का? बऱ्याच जणांना मराठी समजतं, तरी हे वाक्य ऐकलं की माणसं जास्त नीट सांगतात असा माझा अनुभव आहे. शेतकऱ्यांना कालव्याच्या पाण्याची तारीख तोंडपाठ असते. ते "उतरू नका" म्हणाले तर विषय संपला, वरून कडेकडेनं फिरा.

दुसरं काम, घरी चिठ्ठी. कुठं जातोय, कुठल्या बाजूनं उतरणार, किती जण, गाडीचा नंबर, आणि "चारपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं". घळीच्या तळाला फोनला रेंज नसते असंच धरून चाला, आणि उभ्या कड्यांमध्ये नकाशावरचा निळा ठिपकाही इकडून तिकडं उड्या मारतो. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा, पण त्याच्यावर जीव टाकू नका.

किती जण? तिघांहून कमी नको. एकाला लागलं तर एक जवळ थांबतो, एक मदतीला जातो. आठांहून जास्त असतील तर ती पायपीट राहत नाही, लग्नाचं वऱ्हाड होतं.

पाणी, मीठ, भाकरी

थंडीतही माणशी चार लिटर. फेब्रुवारीत पाच. जड होतं, खरं आहे, चार लिटर म्हणजे चार किलो. पण हे वजन वाटेत कमी होत जाणारं आहे. उन्हात चालताना तासाला अर्धा लिटर लागतो, चढाला आणि कडक उन्हात एक लिटरपर्यंत. माझा हिशोब असा: एकूण पाण्याचे तीन भाग. एक उतरताना आणि खाली फिरताना, दोन चढायला. पहिला भाग संपला की घड्याळात कितीही वाजलेले असोत, परत फिरायचं. एक लिटर गाडीत वेगळं, ते हिशोबात धरायचं नाही. आमच्या पहिल्या खेपेची चूक नेमकी ही होती.

नदीचं पाणी पिऊ नका. वर गावं आहेत, शेतं आहेत, गुरं उतरतात. मानेवर, टोपीवर, टॉवेलवर मात्र भरपूर वापरा. या कोरड्या हवेत ओला टॉवेल पंख्याचं काम करतो.

नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नाही. घामातून मीठ जातं, ते भरलं नाही तर डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. ओआरएसची दोन पाकिटं माणशी ठेवा. पाकीट एक लिटरचं असेल तर लिटरभरातच घालायचं, अर्ध्या बाटलीत कोंबायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा.

खायला आमच्याकडं तोड नाही. कडक ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, काकडी, केळी, गूळ. भाकरी मोडत नाही, आंबत नाही, घडी करून डब्यात बसते. गोकाकचं करदंट, म्हणजे आपल्या डिंकाच्या लाडवाचा तिकडचा भाऊ, चढाच्या आधी एक तुकडा तोंडात टाकावा. चिवडा, फरसाण घरी ठेवा, त्यानं तहान लागते. दही-भात खायला छान, पण खाल्ल्यावर डोळे मिटतात, आणि झोप आली की सव्वा वाजतो. मला विचारा!

अंगावर काय

पूर्ण बाह्यांचा सैल, फिक्या रंगाचा सुती सदरा. पावसाळी ट्रेकला सुती कपडा भिजून जड होतो म्हणून आपण टाळतो, इथं तो ओला राहणं हाच फायदा. रुंद कडेची टोपी, नसेल तर टॉवेलाचं मुंडासं. फुल पँट, कारण घाणेरी, बाभूळ, बोर आणि निवडुंग चारी बाजूंनी ओढतात.

बूट घोट्यापर्यंत, तळ मऊ रबराचा. कोरड्या वालुकाश्मावर असा तळ गोचिडासारखा चिकटतो. पण दोन ठिकाणी तो दगा देतो. शेवाळ असलेल्या ओल्या कातळावर, हे सगळ्यांना माहीत असतं. आणि सपाट कातळावर पसरलेल्या वाळूच्या पातळ थरावर, हे माहीत नसतं. ज्वारी सांडलेल्या फरशीवर पाय टाकून बघा, अगदी तसं होतं. असा उतार आला की वाळू बुटानं बाजूला सारायची, मग पाऊल टाकायचं, गुडघा थोडा वाकवून, वजन पायाच्या वर. पाठीमागं झुकलात की पडलात.

मोज्यांचं काय करावं हा इथला खरा प्रश्न आहे. डिसेंबरात गवत वाळतं आणि कुसळं तयार होतात. टोकाला सुई, मागं पिळलेली शेपटी. मोज्यात एकदा शिरलं की चालण्यानं आत आत जातं. उपाय फुकटचा: जुन्या पँटचे गुडघ्याखालचे पाय कापा, खाली-वर इलॅस्टिक घाला, बुटावरून पोटरीपर्यंत चढवा. वाळूही आत जात नाही.

थैलीत शिवाय: शिट्टी, बॅटरी (दुपारी परतणार असलात तरी), लांब दोरी नको पण पाचेक मीटरची असू द्या, पट्टी, चिमटा, आरशाचा तुकडा, काठी. काठी विसरू नका, तिचं काम पुढं येतंच.

दिवस कसा घालवावा

पावणेपाचला बेळगाव सोडा. गोकाककडं बस भरपूर आहेत, पण आत गावाला जायला आपली गाडी बरी. सव्वासहाला गावात. गाडी कुणाच्या दारात लावायची असेल तर विचारून लावा, "अण्णा, गाडी इल्ली हच्चलेनरी?" एवढं पुरतं, आणि येताना त्यांच्या दुकानातून काहीतरी घ्या.

पावणेसातला, फटफटलं की निघा. गाव ते धबधबा हे अडीच किलोमीटर रमतगमत तासात होतात. मोर ओरडत असतात. या टप्प्यात एकच काम: मागं वळून बघत चला. परतताना वाट वेगळी दिसते. दर वळणावर थांबून मागची एखादी खूण, वाकडं झाड, दुभंगलेला दगड, मोबाइलमध्ये टिपा.

कड्याच्या काठाला आलात की दोन माणसांच्या उंचीएवढं अंतर राखा. पाण्यानं खालचे मऊ थर आधी झिजतात आणि वरचा टणक थर छज्जासारखा पुढं राहतो. वरून तो भक्कम जमीन वाटतो, खाली काहीच नसतं. वाकून बघायचंच असेल तर आधी बाजूला जाऊन, लांबून, तो काठ खालून पोकळ आहे का ते बघा. पोकळ दिसला तर राहू द्या. फोटोसाठी मागं मागं सरकणाऱ्यावर एकानं लक्ष ठेवायचं, चेष्टा नाही.

खाली उतरायची वाट तिथल्या गुराख्याला विचारा. जिथून शेळ्या उतरतात तिथून उतरू नका, जिथून म्हशी उतरतात तिथून उतरा. शेळीची वाट माणसाला पुरत नाही. उतरायला किती मिनिटं लागली ते मनगटावर पेनानं लिहा. चढायला त्याच्या दुप्पट धरायचे. घसाऱ्यावर एकाखाली एक उभं राहू नका, तिरपे उतरा, दगड सुटला तर मोठ्यानं "दगड!" ओरडा, "अरे-अरे" म्हणून कुणाला काही कळत नाही.

तळाला पोचलात की बसण्याआधी पाण्याच्या खुणा वाचा. झाडाच्या फांद्यांत वाळलं गवत, प्लास्टिक, काड्या अडकलेल्या दिसतील. तुमच्या डोक्याच्या वर असतील. तिथवर पाणी येतं. थैल्या त्या रेषेच्या वर ठेवा आणि वर जायच्या दोन जागा हेरून ठेवा. पाणी अचानक गढूळलं, काड्या-पानं वाहत आली, आवाज वाढला, तर थैली सोडून वर चढा. प्रवाहाच्या दिशेनं पळू नका.

वाळूवर चालणं

इथल्या वाळूच्या पट्ट्या जैसलमेरजवळच्या सम किंवा खुरी या गावांच्या टेकड्यांएवढ्या नाहीत, पण पायाला त्याच भाषेत बोलतात. टाचेवर आपटून चाललात तर पोटऱ्या अर्ध्या तासात भरतात. सपाट पाऊल टाका, पावलं लहान, पुढच्या माणसाच्या ठशात पाय. पाण्याच्या कडेची ओलसर वाळू घट्ट असते, तिच्यावरून चाला. खरोखरच्या वाळूच्या टेकडीवर कधी गेलात तर वाऱ्याच्या बाजूचा उतार कडक लागतो आणि आडोशाचा उतार, जो 30 ते 34 अंशांवर घसरत्या वाळूचा असतो, तो एक पाऊल वर आणि पाऊण पाऊल खाली. तिथं कण्यावरून चालावं, पोटातून नाही.

आता काठी. डबक्याशेजारची चमकणारी, हलणारी वाळू आधी काठीनं टोचा. काठी सहज आत गेली तर वळसा घाला. पाय अडकलाच तर उपसायला जोर लावू नका, थैली टाका, मागं टेकून बसल्यासारखं व्हा आणि पाय हळूहळू हलवत मोकळा करा. पाण्यात उतरायचं नाही, हे मी पोहणाऱ्यांनाही सांगतो. वाळू उपसलेले खड्डे नदीत असतात, वरून पाणी गुडघाभर दिसतं आणि पुढच्या पावलाला तळ सापडत नाही. कातळातले रांजणखळगेही तसेच. नगर जिल्ह्यातल्या निघोजला ते वरून बघून कौतुक वाटतं, हिरव्या पाण्यानं भरलेल्या खळग्यात पाय गेला की कौतुक संपतं.

साडेदहा

साडेदहा वाजता परत फिरायचं. पुढं कितीही सुंदर वळण दिसत असो. ही वेळ मी आधी सगळ्यांकडून कबूल करून घेतो, कारण खाली गेल्यावर मतदान घेतलं तर सावलीत बसलेली माणसं नेहमी "अजून अर्धा तास" म्हणतात. साडेदहाला फिरलात तर बाराच्या आत वर असता, जेवण वर, झाडाखाली.

चढताना ज्याचा दम सगळ्यात कमी त्याला पुढं ठेवा. बोलता येईल एवढ्याच वेगानं चढायचं. दर पंधरा मिनिटांनी चार घोट, तहान असो नसो. आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत राहायचं. चिडचिड, ठेचकाळणं, गरगरणं, मळमळ, घाम येत असताना शहारे, ही ऊन लागल्याची पहिली नोटीस. लगेच सावली, बूट-सदरा सैल, ओला टॉवेल, ओआरएसचे घोट, आणि अर्धा तास विश्रांती. बरळायला लागला, ओळख पटेना, अंग भाजतंय, तर तो उष्माघात. शरीराचं तापमान 40 अंशांवर गेलेलं असतं आणि वेळ मिनिटांत मोजायचा असतो. मान, काखा, जांघा यांवर पाणी ओता, वारा घाला, शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. एकानं रेंज मिळेल तिथं पळत जाऊन 108 लावायचा.

डंख आणि मोहोळ

कड्याच्या छज्जाखाली काळ्या टोपल्या लटकलेल्या दिसतात ती आग्या मोहोळं. घळीत सापापेक्षा मी यांना जास्त भितो. अत्तर लावून जाऊ नका, खाली शेकोटी-सिगारेट नको, आरडाओरडा नको, दगड मारणारा पोरगा बरोबर असेल तर त्याला घरी ठेवा. उठलीच तर तोंड टॉवेलनं झाका आणि न थांबता लांब पळा. पाण्यात बुडी मारून उपयोग नाही, त्या वर वाट बघतात.

कोरड्या खडकाळ भागात फुरसं हा विषारी साप असतो, वीत-दोन वीत लांब, दगडाच्या रंगाचा. हात टेकण्याआधी बघा, दगडाखाली बोटं घालू नका. चावलंच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नको. हात-पाय हलवू न देता उचलून सरकारी दवाखाना गाठा. विंचवाचं तेच. लाल विंचू पूर्वी जीव घ्यायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि चित्र पालटलं. पण ते औषध डॉक्टरनं द्यायचं आहे, खिशात ठेवून खायचं नाही.

दुपारनंतर

जेवून, तासभर पडून, गाडीनं गोकाक फॉल्सला जा. इथं घटप्रभा 52 मीटर खाली उडी घेते, घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून. हिवाळ्यात धार बारीक असते आणि लोक "काहीच पाणी नाही ओ" म्हणून परततात. मला हीच वेळ आवडते. पाणी बाजूला झालेलं असतं आणि कडा पूर्ण दिसतो, थरावर थर. सकाळी ज्या दगडावर हात टेकून चढलो तोच इथं अख्खा उघडा. 1885 च्या सुमाराची सूतगिरणी याच पडत्या पाण्याच्या भरवशावर काठाला उभी राहिली. दोनेकशे मीटरचा झुलता पूल सुरू आहे की बंद ते तिथं विचारा, माकडांपासून करदंट सांभाळा.

घरी पोचलात की चिठ्ठी ठेवलेल्या माणसाला आधी फोन. लघवी गडद पिवळी असेल तर रात्री झोपेपर्यंत पाणी पीत राहा. पोटऱ्या, गुडघ्यामागं, कंबरेला गोचीड बघा. मोज्यातली कुसळं चिमट्यानं शेपटीकडून नव्हे, टोकाकडून ओढून काढा, तरच ती पूर्ण निघतात. बूट घरात नेण्याआधी अंगणात झटका. मूठभर तांबडी वाळू निघते.